हाकेला ओ: बाळ आल्यावर नवरा-बायकोच्या नात्यात काय हलतं

आमची मुलगी जन्मली तेव्हा पहिले तीन महिने मी तिच्याकडे पाहुणा म्हणून जात होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे बायको उत्तर गोव्यातल्या पेडण्याला होती आणि माझी नोकरी वेर्ण्याच्या कारखान्यात, शिफ्टची. रविवारी सकाळी फोंड्याहून स्कूटर काढायची, म्हापशाला थांबून केळी घ्यायची आणि अकराच्या सुमारास सासरच्या बल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, टेकायचं. सासूबाई पंखा लावायच्या, चहा आणायच्या, मग आतून दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून दाखवायच्या. मी बघायचो, बोट धरायला द्यायचो. रडायला लागलं की ते आत जायचं. दुपारी इसवणाचे (सुरमईचे) दोन तुकडे जावयाच्या ताटात जास्त पडायचे. संध्याकाळी निघताना बायको खोलीच्या दारात येऊन म्हणायची, "आयज राव रे." राहा ना आज. सोमवारी सकाळची शिफ्ट असायची, म्हणून मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी येतोच की."

बारा-तेरा रविवार मी हेच उत्तर दिलं.

मग दोघी फोंड्याला आल्या आणि आम्ही भांडायला लागलो. कारणं सांगायचीसुद्धा लाज वाटते: लंगोट वाळत घातले नाहीत, दार जोरात लावलं, पेजेत मीठ जास्त झालं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तोवर आमचं असं कधी झालं नव्हतं. आमची आजी म्हणायची, एक पोर झालं की संसार आपोआप घट्ट बसतो. आमचा सैल झाला होता. असं का झालं असावं, हे समजून घेण्यासाठी पुढे मी बरंच वाचलं. त्यातलं जे पटलं ते इथे मांडतोय.

मानसशास्त्रात 'अटॅचमेंट' म्हणतात त्याला मराठीत कोणी बंध म्हणतं, कोणी जिव्हाळा, कोणी ओढ. मला मात्र आपला जुना वाक्प्रचार जास्त नेमका वाटतो: हाकेला ओ देणं. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने महायुद्धानंतर घर हरवलेल्या मुलांविषयी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि पुढचं आयुष्य याच विषयात घातलं. त्याचं म्हणणं असं, की भूक जशी उपजत तशीच घाबरल्यावर आपल्या माणसाजवळ धावण्याची ओढही उपजत. जत्रेत मूल चार पावलं पुढे जातं, मागे वळून आई आहे ना ते बघतं, मग आणखी चार पावलं जातं. आई दिसेनाशी झाली तर आधी आकांत करतं. तरी ती आली नाही तर हिरमुसतं. फारच वेळ गेला तर गप्प होतं, इतकं की आई परत आली तरी तिच्याकडे बघत नाही. बघणाऱ्याला वाटतं पोर शहाणं झालं. खरं तर त्याने हाक मारणं सोडलेलं असतं.

सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकन संशोधकांनी १९८७ साली दाखवलं, की मोठ्या माणसांचं प्रेमही बरंचसं याच यंत्रणेवर चालतं. आईची जागा जोडीदार घेतो, एवढाच फरक. आपणही दमल्यावर, घाबरल्यावर, अपमान झाल्यावर एका ठरावीक माणसाकडे वळून बघतो. ते माणूस तिथे असलं की चार पावलं पुढे जातो. नसलं की आपलाही तोच क्रम: आधी आरडाओरडा, मग हिरमुसणं, मग गप्प होणं. पेजेतल्या मिठावरून झालेलं भांडण यातल्या पहिल्या पायरीवरचं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता या दोघांच्या मधे बाळ आणून ठेवा. बाळ चोवीस तास हाक मारतं आणि ओ मात्र कुणाला देत नाही. आईला बाळाबद्दल जे वाटतं ते फार मोठं असतं, पण ते देण्याचं असतं. तिला भीती वाटली, अंग दुखलं, रडू आलं, तर त्यासाठी तिला दुसरंच कुणी मोठं माणूस लागतं. "आता काय, तुला बाळ आहे ना, मी कशाला हवा?" हे वाक्य नवरे अर्ध्या विनोदाने बोलतात. मीही बोललोय. पण नवरा लागण्याची गरज बाळ आल्यावर कमी होत नाही, वाढते, आणि नेमकी तेव्हाच त्याची ओ मिळणं कमी होतं. तिकडे नवऱ्याचंही हेच झालेलं असतं. कालपर्यंत त्याच्या हाकेला ओ देणारी बाई आता दुसऱ्या कुणाच्या तैनातीत असते. या वयात तान्ह्या पोराचा हेवा वाटतो, हे कबूल कुणाजवळ करायचं?

हे दुखणं आजचं नाही. ई. ई. लेमास्टर्स या समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली ४६ मध्यमवर्गीय अमेरिकन जोडप्यांना पहिल्या मुलाबद्दल विचारलं, तेव्हा ३८ जोडप्यांनी त्या काळाचं वर्णन मोठं किंवा तीव्र संकट असं केलं. मूल त्यांना हवं होतं, तरीही. तिथून पुढे या विषयावर खूप काम झालं. त्यातला २००९ सालचा एक अभ्यास मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात मूल न झालेली जोडपीही होती. २१८ जोडप्यांची लग्नानंतरची आठ वर्षं त्यात पाहिली. समाधान दोन्ही गटांत घसरलं. मूल नसलेल्यांचं हळूहळू, घाटाच्या उतारासारखं. मूल झालेल्यांचं बाळ आल्या आल्या, जिन्यावरून पाय घसरावा तसं. म्हणजे सगळं खापर बाळावर फोडता येत नाही. वर्षांगणिक व्हायची ती झीज बाळ आल्यावर एकदम होते आणि म्हणून डोळ्यांत भरते.

यामागे शरीराचा भाग किती आहे हे आपण फार कमी बोलतो. पहिली गोष्ट झोप. साडेचार हजारांहून जास्त जर्मन आईबापांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप रोज साधारण तासाभराने कमी झाली, बापांची पंधरा मिनिटांनी. बापांनो, "आम्ही दोघंही जागतो" म्हणण्याआधी हा आकडा आठवा. झोपेचं समाधान तर सहा वर्षांनंतरही पूर्वीच्या पातळीवर आलं नव्हतं. अपुऱ्या झोपेत समोरच्याचा साधा चेहराही त्रासिक दिसतो. "डबा केलास?" हा साधा प्रश्न होता की टोमणा, हे ओळखायला लागणारी ताकदच उरलेली नसते.

दुसरी गोष्ट, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक खाली गेलेलं. त्यामुळे कोरडेपणा येतो, इच्छा मंदावते, आणि दिवसभर कुणीतरी अंगाला चिकटलेलं असल्यावर रात्री आणखी एक हातही नकोसा होतो. डॉक्टर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात, आणि सातव्या आठवड्यात नवऱ्याला नकार मिळाला की तो स्वतःला नाकारल्यासारखं वाटून घेतो. नकार बहुतेक वेळा शरीराचा असतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर किती घरांतला अबोला वाचला असता.

पुरुषाचं शरीरही स्वस्थ बसत नाही, हे मला नवीन होतं. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) मोजून साडेचार वर्षांनी पुन्हा मोजलं. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचं बरंच उतरलेलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते त्यांचं आणखी कमी. २०१० साली इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने आईबापांचं ऑक्सिटोसिन पाहिलं. माया-जवळिकीशी जोडलेलं हे संप्रेरक. पहिल्या सहा महिन्यांत आई आणि बाप दोघांची पातळी सारखीच होती. फरक इतकाच, की आईचं ऑक्सिटोसिन कुरवाळण्याशी निगडित होतं आणि बापाचं खेळवण्याशी. बापपणही अंगात मुरतं. पण त्यासाठी बाळ हातात असावं लागतं, दुपट्यातून दाखवून भागत नाही.

आता आपल्या घरातलं. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गर्भवती बायकांची शेवटच्या तिमाहीत नोंद घेतली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा भेटले. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये प्रसूतीनंतरचं नैराश्य आढळलं. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं, आणि सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून जास्त जणी त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध, ही दोन मोठी कारणं. तिसरं म्हणजे बाळ मुलगा की मुलगी. 'पहिली बेटी, धनाची पेटी' असं आपण हसतमुखाने म्हणतो, तेव्हा बाळंतीण त्यातलं सांत्वन बरोबर ऐकते. मुलगा झाला की कुणी पेटीबिटी म्हणत नाही. शिकलेलं, सुधारलेलं राज्य म्हणून मिरवणाऱ्या आपल्या गोव्याने हा निष्कर्ष अधूनमधून आठवावा.

नवरा-बायकोचं बिनसल्यामुळे नैराश्य येतं की नैराश्यामुळे बिनसतं? दोन्ही. एकदा सुरू झालं की दोघं एकमेकांना खाली ओढत नेतात. आणि बापही यातून सुटत नाहीत. २०१० साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दहातला एक बाप या काळात नैराश्यात सापडला, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सर्वांत जास्त. आपल्याकडे त्याला "हल्ली फार तापट झालाय" किंवा "हल्ली उशिरा येतो" असं म्हणतात.

हाक मारायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते. काहींना ओ मिळेलच असा भरवसा असतो. ते एकदा सांगतात आणि थांबतात. काहींना तो नसतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा हाक मारतात, फोन केला नाहीस, विचारलं नाहीस, तुला काही पडलेलीच नाही. आणि काही जण हाक मारणंच कमीपणाचं मानतात. घरात ताण वाढला की ते कामात घुसतात, ओव्हरटाइम मागून घेतात. मी या तिसऱ्या जातीचा. हेझन-शेव्हरच्या पाहणीत निम्म्याहून थोडे जास्त लोक पहिल्या प्रकारात होते, बाकीचे उरलेल्या दोनांत. या तऱ्हा म्हणजे पत्रिकेतला मंगळ नव्हे, त्या बदलतात, आणि पहिलं बाळ हा त्या बदलण्याचा एक मोठा काळ आहे. जेफ्री सिम्प्सन आणि स्टीव्हन रोल्स या मानसशास्त्रज्ञांनी गरोदरपणापासून जोडप्यांचा मागोवा घेतला. नवऱ्याचा आधार कमी आणि राग जास्त, असं वाटत असताना ज्या बायका आई झाल्या, त्यांची बेचैनी नंतर आणखी वाढली. चार वर्षं भरवशाने वागणारी बाई सहा महिन्यांत 'सतत कटकट करणारी' होते ती अशी. तिचा स्वभाव उघडा पडला असं नवऱ्याला वाटतं. तिला तसं करण्यात त्याचा हात किती, हा हिशेब मांडायला तो जागेवर नसतो.

इथे माहेरच्या बाळंतपणाकडे वळायला हवं. ही रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शेक-शेगडी, तेल लावून मालिश, वेळेवर पेज, आळिवाचे लाडू, रात्री बाळ उचलायला आईचे हात: त्या तासभर हरवलेल्या झोपेवर याच्याइतका जुना आणि स्वस्त उपाय दुसरा नाही. शहरात एकट्या फ्लॅटवर बाळंतीण होणाऱ्या मुलीला विचारा. पण या व्यवस्थेत बापाला जागाच नेमलेली नाही. सोयर असेपर्यंत तो बाहेर, नंतर लोकलाजेस्तव बाहेर. ओव्याच्या धुरीचा वास येतो तिथपर्यंतच त्याची हद्द. तीन महिन्यांत बायको बाळाच्या रडण्याचे पाच प्रकार ओळखायला शिकते आणि तो पहिल्या दिवशी होता तितकाच अडाणी राहतो. मग घरी आल्यावर तो बाळाला उचलतो आणि ती म्हणते, "मान धर, मान!" दोनदा असं झालं की तो उचलणं सोडतो. तिला वाटतं, याला करायचंच नाही. त्याला वाटतं, हिला माझं पटतच नाही. अशा अडवण्याला संशोधक 'गेटकीपिंग' म्हणतात. आपल्याकडे वेशीवर राखणदार असतो, त्याला नारळ दिल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. आई बाळाची राखणदार होते, आणि बऱ्याचदा तिच्या मागे सासू आणि आई, असे आणखी दोन राखणदार उभे असतात. नारळ किती फोडायचे!

गोव्यात याचा आणखी कडक नमुना म्हणजे बोटीवरचे नवरे. करार असेल तितके महिने माणूस समुद्रावर, आणि उतरतो तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं. बाळ त्याला बघून रडतं, याची तयारी त्याने केलेली असते. बायको थंड वागते, याची नसते. तिला राग आहे असं धरून तो भेटवस्तू काढतो. बोल्बीची तिसरी पायरी आठवा: फार वेळ ओ मिळाली नाही की माणूस हाक मारणं थांबवतं. तिने एकटीने सगळं बसवून घेतलेलं असतं आणि त्या घडीत आता त्याला कुठे ठेवायचं हे तिला उमगत नसतं. अशा घरांनी पहिल्या आठवड्यात निवाडे करू नयेत असं मला वाटतं. लहान मूलही आई परतल्यावर लगेच मांडीवर येत नाही. थोडा वेळ रुसतं, मग पदर ओढतं, मग येतं.

सावरतात ती जोडपी वेगळं काय करतात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी नवविवाहितांचा सहा वर्षं माग काढला. आई झालेल्या बायकांपैकी ६७ टक्क्यांचं समाधान घसरलं, ३३ टक्क्यांचं टिकलं किंवा वाढलं. या टिकलेल्या एक-तृतीयांश बायकांची खूण लग्नाच्या सुरुवातीच्याच मुलाखतींत सापडली: नवरा बायकोबद्दल मायेने बोलत होता आणि तिच्या आयुष्यात काय चाललंय याची त्याला खबर होती. इतकं साधं. महागडं हॉटेल नाही, वाढदिवसाचा केक नाही. तिची आज झोप किती झाली, कालचा टाका दुखतोय का, आईशी कशावरून वाजलं, हे माहीत असणं.

माझ्या अनुभवाची यात एक भर. 'मदत' हा शब्द घरातून काढून टाकला तेव्हा आमचं बरं चालू लागलं. मदत म्हटलं की काम तिचं, आणि मी उपकार करणारा. संध्याकाळची आंघोळ पूर्ण माझी झाली: पाणी, तेल, टोपरं, लंगोट, सगळं, आणि चुकलं तर माझं चुकलं. राखणदाराने त्या वेळी स्वयंपाकघरात राहायचं ठरलं. पहिले चार दिवस तिचा जीव वरखाली होत होता. पाचव्या दिवशी ती आडवी झाली आणि झोपली. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी ती माझ्याशी मिठा-लंगोटापलीकडचं बोलली.

हे सगळं वेळेवर अवलंबून आहे आणि वेळ कायद्यावर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या कर्मचारी बापाला १५ दिवस. माझ्यासारख्या खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने काही नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या घरी सोडवायला जाऊ नका. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिवाला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने तर उदास गर्भवतींना आधार द्यायला शेजारपाजारच्या साध्या बायकांनाच शिकवून तयार केलं. २८० जणींवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली आले. फरक फार मोठा नव्हता, पण होता, आणि तो डॉक्टरांनी नव्हे, घरी येऊन बसणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या बाईने घडवला होता.

आमच्या खात्यातल्या एका पोराची बायको सध्या सत्तरी तालुक्यात माहेरी आहे, बाळ वीस दिवसांचं. त्याला मी हे सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की सोमवारची सकाळची शिफ्ट माझ्याशी बदलून घे आणि रविवारी रात्री तिथेच राहा. सासुरवाडीत यावर दोन दिवस खल झाला म्हणे: जावयाचं अंथरूण घालायचं कुठे? ओसरीवर घातलं तर लोक काय म्हणतील, आत घातलं तर आजी काय म्हणेल. शेवटी बाळंतिणीच्या खोलीतच, शेगडीच्या बाजूला घातलं. रात्री तीनदा उठलो, असं तो मंगळवारी कँटीनमध्ये डोळे चोळत सांगत होता. पुढच्या सोमवारचीही शिफ्ट बदलून हवी आहे म्हणाला.